सांठवण आणि जतन

वस्तु जवळ असणें आणि ती जतन होणें या दोन गोष्टी एकच आहेत, असें आपण सहसा धरून चालतों. कागद कपाटांत आहे, दागिना पेटींत आहे, तेव्हां तो सुरक्षित आहे. याहून अधिक विचार करण्याची गरज मनुष्याला क्वचितच भासते. परंतु घरोघरचें लेखन, हिशेब, छायाचित्रें, इतकेंच नव्हे तर आप्तांचे आवाजसुद्धां ज्या काळांत एका चपट्या यंत्राच्या पोटांत राहूं लागले आहेत, त्या काळांत ही समजूत एकदां तपासून पाहणें अगत्याचें आहे. त्यासाठीं आम्ही एक अगदीं साधें उदाहरण घेतों. पातळ लॅपटॉपमध्यें सांठवणीचा जो भाग असतो, त्याला बाजारांत एसएसडी म्हणतात. ती अपुरी पडली म्हणजे काढून तिच्या जागीं मोठी बसवावी काय, आणि मुळांत ती बसवितां यावी अशी यंत्राची रचना असावी काय, हा तो प्रश्न होय. विषय दुरुस्तीच्या दुकानांतला आहे, तो या पानांवर कशाला, असें एखादा वाचक म्हणेल. पण मालकी म्हणजे काय, स्मृति कोणाची, आणि वारसा कशानें टिकतो, हे तीन जुने प्रश्न त्या दुकानांतील टेबलावर आज रोज नव्यानें उभे राहत आहेत; आणि प्रश्न कोणत्या जागीं भेटला यावरून त्याची योग्यता ठरत नसते.

हिंगोली जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झालेला हा पांच तालुक्यांचा जिल्हा हळद, सोयाबीन व कापूस यांवर जगणारा आहे. येथील शिक्षक, कारकून, दुकानदार किंवा चार पैसे बाळगून असलेला शेतकरी यांच्या घरीं लॅपटॉप येतो तो बहुधा थोरल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाच्या निमित्तानें, आणि पुष्कळदां हप्त्यानें. पण एकदां घरांत आला म्हणजे तो एकट्याचा राहत नाहीं. धाकट्याचे परीक्षेचे अर्ज, वडिलांचे सातबाऱ्याचे उतारे व पीकविम्याच्या पावत्या, बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें, आजीनें म्हटलेल्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण, असें सर्व कांहीं त्यांत जमत जातें. घरांतून निघून गेलेल्या एखाद्या माणसाचा आवाज त्यांत असतो, आणि तो दुसरीकडे कोठेंही नसतो. चार-पांच वर्षांनीं जागा संपल्याची सूचना पडद्यावर येते व यंत्र रडतखडत चालूं लागतें. मग तें दुकानांत जातें. कारागीर तें पालथें करतो, तळाचे बारीक स्क्रू काढतो, आणि त्यानंतर तो जें वाक्य बोलतो त्यावर त्या घराचें पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. एक तर तो म्हणतो, "स्लॉट आहे, बदलून मिळेल", किंवा म्हणतो, "बोर्डालाच सोल्डर केली आहे, कांहीं होणार नाहीं."

या दोन वाक्यांतील अंतर समजण्यासाठीं यंत्राची थोडी माहिती हवी. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें रॅमॅक नांवाचें जें यंत्र बाजारांत आणलें, त्याच्या सांठवणींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. पुढें तबकड्या लहान होत गेल्या, तरी फिरती तबकडी ही मूळ रचना दीर्घकाळ कायम राहिली. तोशिबा कंपनींतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढें मांडली. तींत फिरणारें असें कांहींच नाहीं. सिलिकॉनच्या सूक्ष्म कोठड्यांत विद्युत्कण कोंडून ठेवावयाचे, आणि कोठडी किती भरलेली आहे यावरून मजकूर ओळखावयाचा, असा तिचा मार्ग आहे. जानेवारी २००८ मध्यें ॲपल कंपनीनें आपला मॅकबुक एअर कागदी लिफाफ्यांतून बाहेर काढून लोकांना दाखविला; तेव्हांपासून पातळपणा हा लॅपटॉपचा अलंकारच होऊन बसला, आणि हळूहळू तबकडीला त्यांत जागा उरली नाहीं.

आज अनेक पातळ यंत्रांत ही सांठवण २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशा पट्टीच्या रूपानें असते. कांहींत तिची लांबी ३० मिलिमीटरच असते. तिचें एक टोंक खांचेंत बसतें व दुसरें एका स्क्रूनें आवळलेलें असतें. जाणता कारागीर नवी पट्टी प्रथम बाहेरच्या डबींत घालून यूएसबीनें जोडतो, जुन्या पट्टीवरचें सर्व तिच्यावर उतरवून घेतो, मग यंत्र बंद करून बॅटरीची जोडणी सोडवितो आणि पट्ट्यांची अदलाबदल करतो. एका दुपारचें हें काम आहे, आणि त्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या मानानें थोडा असतो. परंतु कांहीं पातळ यंत्रांत अशी पट्टीच नसते. स्मृतीच्या चिपा मुख्य बोर्डावर डाग देऊन कायमच्या बसविलेल्या असतात. तेथें आंतला सांठा वाढवितां येत नाहीं. आणि बोर्ड जळाला तर सांठाही त्याच्याबरोबर गेला, असेंच सामान्य कुटुंबाला समजावें लागतें.

येथें पहिला प्रश्न उद्भवतो तो असा, कीं ज्याला आपण "आमचा लॅपटॉप" म्हणतों तो नेमका कोणता पदार्थ? दुकानदाराच्या दृष्टीनें धातूचें कवच, पडदा, कळफलक आणि बोर्ड मिळून लॅपटॉप होतो. पट्टी हा त्याचा एक सुटा भाग. घरांतील माणसांच्या दृष्टीनें आंत जें आहे तें आमचें. कवच कसलेंही असो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें आपल्या मानवी बुद्धीवरील निबंधाच्या १६९४ सालच्या आवृत्तींत राजपुत्र व मोची यांचें एक उदाहरण घातलें आहे. राजपुत्राचा आत्मा आपल्या पूर्वायुष्याची जाणीव बरोबर घेऊन मोच्याच्या देहांत शिरला, तर त्या व्यक्तीला कोण म्हणावें? लॉकच्या मतें ती व्यक्ति राजपुत्रच, कारण व्यक्तीची एकता देहांत नसून जाणिवेच्या सातत्यांत आहे. आपल्याकडील शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा याच कल्पनेवर उभी आहे. अमरुक राजाचा देह निराळा, पण आचार्य तेच. आणि त्यांचा मूळ देह शिष्यांनीं जपून ठेवला होता, कारण परत यावयास जागा हवी. दोन्ही उदाहरणांत एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं स्मृति एका देहांतून दुसऱ्या देहांत जाऊं शकते. मनुष्याच्या बाबतींत हें गृहीत खरें कीं खोटें, याचा वाद तत्त्वज्ञांत अद्याप मिटलेला नाहीं. यंत्राच्या बाबतींत मात्र तो वादच नाहीं. तेथें स्मृति खरोखर देहांतर करूं शकते. म्हणून तिला तें करूं न देणें ही निसर्गाची मर्यादा नसते. तो कोणा मनुष्यानें घेतलेला निर्णय असतो. आणि निर्णय म्हटला कीं त्याला नीतीची कसोटी लागू होते.

यावर कोणी म्हणेल, देहांतराची एवढी निकड काय? चांगलें यंत्र घ्यावें, जपून वापरावें, म्हणजे आंतली स्मृति सुरक्षित राहील. जवळ असणें व जतन होणें यांतला भेद येथेंच स्पष्ट होतो. फ्लॅशच्या कोठडींत कोंडलेले विद्युत्कण कायमचे कोंडलेले नसतात. ते अत्यंत मंदपणें झिरपत असतात. शिवाय कोठडी जितक्या वेळां पुसून लिहावी तितकी तिची भिंत झिजत जाते. या धंद्यांत जें प्रमाण मानलें जातें त्यानुसार, घरगुती वापराच्या एसएसडीनें आपलें ठरीव लेखन-आयुष्य पुरें झाल्यावर वीज नसतां ३० अंश सेल्सिअस तपमानांत एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच अपेक्षा असते. उष्णता वाढली कीं तो काळ घटतो. मराठवाड्यांत मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो हें वाचकांस सांगावयास नको. नव्या, थोड्या वापरलेल्या पट्टीला हें भय इतकें नसतें, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पण नवी वस्तु नवी राहत नाहीं. कपाटांत वर्षानुवर्षें बंद करून ठेवलेल्या जुन्या पट्टीला कोणी ठेव म्हणूं नये. ती पावसाळ्यांत उघड्यावर राहिलेल्या गुळासारखी आहे.

वास्तविक हा धर्म एकट्या फ्लॅशचा नाहीं. मनुष्यानें आजवर ज्या ज्या वस्तूवर लिहिलें ती ती नाशवंतच होती. ताडपत्राला कसर लागली, कागदाला वाळवी लागली, चुंबकीय फिती एकमेकींना चिकटल्या. वसमत भागांतील हळद उत्पादकाला हें तत्त्व शिकवावें लागत नाहीं. हळदीचें बेणें म्हणजे आदल्या पिकांतले कंदच. काढणी झाली कीं निरोगी जेठे गड्डे निवडून वेगळे काढावयाचे, सावलींत पाल्याखालीं झांकून ठेवावयाचे, आणि मे-जूनच्या सुमारास पुन्हां मातींत लावावयाचे. तें बेणें दहा वर्षें कोठारांत ठेवून भागत नाहीं. तें सुकतें किंवा कुजतें. त्यामुळें बेणें राखणें म्हणजे तें दर वर्षीं नव्या मातींत घालणें, हाच त्या शेतकऱ्याचा अर्थ आहे. ज्यानें बेणें नुसतें ठेवलें त्यानें तें घालविलें.

विद्येचा व भक्तीचा वारसाही याच रीतीनें आपल्यापर्यंत आला आहे. याच जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्यांचा काळ परंपरेनें १२७० ते १३५० असा सांगतात. नामदेवांच्या हातची वही पुढें ठेवून आज कोणी त्यांचे अभंग म्हणत नाहीं. ते कंठांतून कंठांत, कंठांतून बाडांत, बाडांतून छापील गाथेंत असे प्रवास करीत आले. त्यांचीं ६१ पदें गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ सालीं पंजाबांत सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत समाविष्ट झालीं; प्रांत बदलला, लिपि गुरुमुखी झाली, तरी तीं पदें नामदेवांचींच राहिलीं. एखाद्या संग्राहकानें ते सारे अभंग एका पेटींत घालून तिचें झांकण कायमचें डागून टाकलें असतें, तर पेटी कदाचित् फार सुबक झाली असती; पण आपणांस नामदेव मिळाले नसते. यावरून आमचें मत असें झालें आहे, कीं जतन हा सांठवणीचा गुण नसून वेळेवर केलेल्या संक्रमणाचा गुण आहे. जी वस्तु एका आधारावरून दुसऱ्या आधारावर नेतां येत नाहीं, ती आज कितीही सुरक्षित दिसली तरी तिचा शेवट ठरलेला आहे.

ही कसोटी लावली म्हणजे डाग देऊन बंद केलेल्या यंत्राचा दोष कोठें आहे हें दिसूं लागतें. परंतु उत्पादकांची बाजूही न्यायानें ऐकली पाहिजे. ते म्हणतात, खांच व स्क्रू यांची जागा वांचली म्हणजे यंत्र पातळ व हलकें होतें; जोडणी सैल होण्याचा प्रश्न राहत नाहीं; आणि चोरानें पट्टी काढून दुसऱ्या यंत्रांत घालावी व आंतलें वाचावें, हा धोका टळतो. पहिले दोन लाभ आम्ही मान्य करतों. तिसरा लाभ सर्वांत वजनदार दिसतो, पण तो डाग दिल्यानें मिळत नाहीं. तो मजकुराला सांकेतिक कुलूप लावल्यानें मिळतो. विंडोजमधील बिटलॉकर हें असें कुलूप आहे. तें लावलेली पट्टी कोणी काढून नेली तरी ४८ अंकी किल्लीवांचून त्याला तींतलें एक अक्षर वाचतां येत नाहीं. म्हणजे पट्टी सुटी असूनही सुरक्षित राहूं शकते. मग उरतो तो थोडासा पातळपणा. त्याच्या बदल्यांत कुटुंबानें यंत्राचें निम्में आयुष्य व आपल्या स्मृतीची सोडवणूक द्यावी, हा सौदा आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

"पण पातळ यंत्र ग्राहकानेंच मागितलें," असा यावर प्रत्युत्तराचा सूर ऐकूं येतो. संमतीला अर्थ येतो तो माहितीनें. जाडी किती मिलिमीटर व वजन किती ग्रॅम हें जाहिरातींत ठळक असतें. सांठवण बदलतां येईल कीं नाहीं हें मात्र ग्राहकाला बहुधा शोधून काढावें लागतें. फ्रान्सनें जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह कांहीं वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहांपैकीं गुण दाखविणें आवश्यक केलें, तें याच कारणासाठीं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि तिच्यापुढील विषयांत शेतीचीं अवजारें, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती उपकरणें व वाहनें यांचा समावेश केला. शेतीचीं अवजारें आणि मोबाईल एकाच यादींत यावेत हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव झिजते हें सुताराला व लोहाराला ठाऊक असे, म्हणून ती उतरवून नवी चढवितां येईल अशीच ती बसवीत. धाव झिजली म्हणून गाडी मोडीत काढा, असें सांगणारा सुतार गांवांत टिकला नसता. जो भाग झिजणार हें करणाऱ्याला आधींच ठाऊक आहे तो बदलतां येईल असा करणें, हें त्याच्या कर्तव्यांत मोडतें. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले व जुन्या यंत्रांच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांनीं उत्पादकांवर टाकली, हें चांगलेंच झालें. परंतु धातु वितळवून परत मिळविणें ही अंत्यविधीची व्यवस्था आहे. बऱ्या होऊं शकणाऱ्या रोग्याला ती पुरेशी नव्हे.

आणखी एक उपाय सुचविला जातो. सर्व कांहीं इंटरनेटवरून दूरच्या कंपनीच्या सांठ्यांत ठेवावें, म्हणजे यंत्राची चिंताच नको. तेथें एक प्रत असणें हितावह आहे यांत शंका नाहीं. घराला आग लागली तरी ती वांचेल. परंतु तें भाड्याचें घर आहे. भाडें थकलें, खात्याचा परवलीचा शब्द हरवला, किंवा ज्याच्या नांवें खातें होतें तो मनुष्यच गेला, तर बाकीच्यांना दारांत उभें राहावें लागतें. एकुलती एक प्रत परक्या घरीं ठेवणें आणि एकुलती एक प्रत डागलेल्या पेटींत ठेवणें, या दोहोंत दोष एकच आहे: हलविण्याची सत्ता आपल्या हातीं उरत नाहीं.

एवढें सांगितल्यावर सारा दोष उत्पादकांवर टाकून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्यांच्या यंत्रांत खांच आहे, ते तरी काय करतात? पुष्कळ घरांत दुसरी प्रत म्हणून नसतेच. बिटलॉकरची किल्ली कोणत्या खात्यांत नोंदली आहे हें ठाऊक नसतें. कधीं तें खातें विकत घेतांना दुकानांतल्या पोरानें उघडून दिलेलें असतें व त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक केव्हांच बंद पडलेला असतो. मग पट्टी काढतां येते, पण उघडतां येत नाहीं; कुलूप मजबूत असतें आणि बाहेर राहतो तो मालकच. घरच्या शिधापत्रिकेबरोबर ते ४८ अंक कागदावर लिहून ठेवावयास पांच मिनिटें लागतात. तीं पांच मिनिटें न देणाऱ्यानें मालकीच्या हक्कावर फार बोलूं नये. हक्क हा कर्तव्याच्या खांचेंत बसतो. ती खांच रिकामी असेल तर तो लटकतच राहतो.

याहून सूक्ष्म असा एक दोष संक्रमणाच्या रीतींतच आहे. हल्लींचीं साधनें जुन्या पट्टीवरचें सर्व नवीवर जसेंच्या तसें उतरवितात. तें होत असतां मनुष्य चहा घेऊन येतो. एकाच प्रसंगाचीं चाळीस छायाचित्रें, तीनदां उतरवलेली एकच पावती, कोणाचें तें न कळणारें ध्वनिमुद्रण, हें सारें कोणाच्याही दृष्टीस न पडतां नव्या घरीं राहावयास जातें. जुन्या प्रतकारांचें काम असें नव्हतें. पैठणच्या एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इसवी सन १५८४ मध्यें, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथाला तेव्हां जवळजवळ तीनशें वर्षें झालीं होतीं, आणि नकला करतां करतां पाठ बिघडले होते. एकनाथांनीं ग्रंथ पुढें नेला, पण डोळे उघडे ठेवून नेला. उलट नामदेवांच्या गाथेंत पुढच्या काळांतील विष्णुदास नामा यांची रचना मिसळली, आणि ती वेगळी करण्याचें काम अभ्यासकांवर पडलें. संक्रमणावांचून जतन नाहीं हें जितकें खरें, तितकेंच लक्षावांचून केलेलें संक्रमण गोंधळही पुढें नेतें हें खरें.

मग निवड करून नको तें फेंकून द्यावें काय? येथें आम्ही घाईचा सल्ला देणार नाहीं. उद्यां कशाचें मोल वाटेल हें आज कळत नाहीं. आजीच्या दोन ओव्यांमधला खोकला आज कापून टाकावासा वाटेल, आणि वीस वर्षांनीं तोच ऐकण्यासाठीं मनुष्य तें ध्वनिमुद्रण पुन्हां पुन्हां लावील. आम्ही सुचवितों तें फेंकण्याहून निराळें व अधिक कष्टाचें आहे: नांव देणें. छायाचित्रांत कोण आहे, गांव कोणतें, साल कोणतें, ओव्या कोणाच्या आवाजांत आहेत, हें लिहून ठेवणें. नांव नसलेलें छायाचित्र एका पिढीनंतर अनाथ होतें. नवी पट्टी चौपट मोठी असली, तरी तींतल्या चेहऱ्याला ओळखणारें कोणी उरलें नाहीं, तर तो तेथें आहे कीं नाहीं यानें कांहींच फरक पडत नाहीं. पट्टीवरून पट्टीवर जाणें ही वाटेची अर्धीच मजल आहे. उरलेली मजल पट्टीवरून माणसाच्या मनांत जाण्याची आहे, आणि ती कोणत्याही कारागिराकडून करवून घेतां येत नाहीं.

काढून टाकलेल्या जुन्या पट्टीविषयींही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण तेथें दुसऱ्यांचा संबंध येतो. फाईल पुसली म्हणजे ती गेली, अशी समजूत आहे. बहुधा त्या क्षणीं तिची नोंद तेवढी जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली म्हणून धडे नाहींसे होत नाहींत. एसएसडी पुढें सवडीनें त्या कोठड्या मोकळ्या करते, पण त्यावर विसंबूं नये. संपूर्ण पुसण्याची जी खास आज्ञा असते तीच चालवावी. आम्हां शिक्षकांच्या यंत्रांत विद्यार्थ्यांचे गुण, जातीचे दाखले, बँकेचे क्रमांक असतात; वकिलाच्या यंत्रांत पक्षकारांचे कागद, डॉक्टरच्या यंत्रांत रोग्यांचे अहवाल असतात. ही स्मृति आपल्यापाशीं असली तरी आपली नव्हे. ती अनामत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर केला. पण कायदा नसता तरी हें कर्तव्य होतेंच. आपलें जें आहे तें पुढें नेणें व दुसऱ्याचें जें आहे तें वेळेवर पुसून टाकणें, हीं एकाच विवेकाचीं दोन अंगें आहेत.

याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली; तिचा अंदाजी खर्च सुमारें २६०० कोटी रुपये असून तिच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या योजिल्या आहेत. अमेरिकेंतील अशाच दोन वेधशाळांत १४ सप्टेंबर २०१५ रोजीं सुमारें १३० कोटी वर्षांपूर्वींच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा तरंग टिपला गेला. तो सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा टिकला. इतका क्षणिक स्पर्श ज्ञानाचा भाग झाला, तो दोन दूरच्या ठिकाणीं एकाच वेळीं नोंदला गेला म्हणून, आणि पुढें ती नोंद जगांतल्या कोणाही अभ्यासकाला उतरवून घेतां यावी व तपासतां यावी अशी खुली केली गेली म्हणून. ज्या विद्येला विश्वांतला सर्वांत क्षीण कंप जपावयाचा आहे, तिनेंही आपला भरंवसा एका बंद पेटीवर ठेवलेला नाहीं.

सामान्य कुटुंबाला एवढ्या मोठ्या व्यवस्थेची गरज नाहीं. त्याला दोन प्रश्न विचारतां आले म्हणजे पुरे. नवें यंत्र घेतांना दुकानदाराला विचारावें, "यांतली सांठवण काढून बदलतां येते काय?" आणि उत्तर स्पष्ट मिळेपर्यंत पैसे मोजूं नयेत, असे ग्राहक वाढले तर कंपन्यांनाही खांच ठेवण्याची बुद्धि होईल. दुसरा प्रश्न यंत्र घरांत आल्यावर स्वतःला विचारावयाचा आहे: यांत जें सांठत आहे तें आपण केव्हां, कशावर आणि कोणाच्या हातीं उतरवून देणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर बाजाराकडून मिळेल, कायद्याकडून मिळेल. दुसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यानेंच द्यावयाचें आहे, आणि तें पट्टी चांगली चालत असतांनाच द्यावें लागतें.